डाव्या कोपराचा डाग

टीव्ही बंद होता आणि त्याच्याकडे बघून ‘गोल’ म्हणून ओरडायचं होतं.

बंद म्हणजे नुसता बंद नव्हे, त्याच्या काचेवर हिरवं फडकं ताणून बसवलं होतं. सामना मागाहून त्यात भरू, असं टोपीवाल्यानं सांगितलं होतं. जणू उशीत कापूसच भरायचा होता. टोपीवाला म्हणजे वाहिनीची जाहिरात करायला आलेला माणूस. त्यानं मावशीची खाट बाहेर काढली, स्वतःचा सोफा आत आणला आणि मावशी, तिची नणंद आणि शेजारपाजारचे चौघे यांना गावच्या फुटबॉल क्लबच्या कोऱ्या जर्स्या चढवून त्यावर दाटीवाटीनं बसवलं. दिवे एवढे की घरातली माशीसुद्धा गोंधळून एका जागी बसली होती.

“मावशी, तुम्ही सगळ्यात आधी उठायचं. हात वर, तोंडभर हसू, आणि गोल!”

मावशी उठली. हात वर गेले, पण तोंडातून आवाज काही निघेना.

“कुणी केला?” तिनं विचारलं.

“काय?”

“गोल. आपल्यांनी की त्यांनी? त्यांनी केला असेल तर मी कशाला ओरडू?”

टोपीवाल्यानं कपाळावरची टोपी मागे सारली. नणंद सोफ्यात रुतून बसली होती, ती तिथूनच म्हणाली, “ओरडून टाका वहिनी. नाहीतर दिवस मावळेपर्यंत हे फडकं बघत बसावं लागेल. तसंही अलीकडे त्यात याहून जास्त काही दिसत नव्हतं.”

सगळे हसले. टोपीवाल्याला ते हसू फार आवडलं, तेवढं मात्र त्यानं टिपून घेतलं.

आणि मावशी ओरडली. एकदा नाही, त्याचं समाधान होईपर्यंत पुन्हा पुन्हा ओरडली. आयुष्यात जिचा आवाज शेजारच्या खोलीत गेला नव्हता, ती बाई हिरव्या फडक्याकडे बघून घसा बसेपर्यंत ओरडत राहिली. कारण बदल्यात तिला एक गोष्ट मिळणार होती. क्लबच्या मॅनेजरनंच तिचं नाव सुचवलं होतं आणि शब्द दिला होता, की शूटिंग झालं की वाहिनीचा डबा घरी बसेल आणि हंगाम संपेपर्यंत सगळे सामने दिसतील. मावशीला सगळे नको होते, एकच हवा होता. पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी ज्याला सगळे खांब म्हणायचे तो खेळाडू शेवटचा खेळणार होता.

मावशी क्लबात कपडे धुवायची. आधी नवऱ्याबरोबर, तो गेल्यावर एकटी. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली एक लांबट खोली, तिच्यात दोन मशिनं, तीन टाक्या आणि मागच्या बाजूला वाळत घालायच्या दोऱ्या, हे तिचं राज्य. डोक्यावर हजारो माणसं बसायची, पण त्या खोलीला मैदानाकडे एक भोकसुद्धा नव्हतं. सामन्याच्या दिवशी तर क्लबच्या नोकरमाणसांना फाटकातही घेत नसत. त्या दिवशी पाहुण्यांचा मान.

म्हणून ती घरी टीव्हीवर सामना बघायची. आवडीनं नव्हे, कामासाठी. मळलेली जर्सी दुसऱ्या दिवशी हातात येते तेव्हा सगळे डाग एकसारखे तपकिरी दिसतात. गवताला स्पिरिट लागतं, चिखल आधी वाळू द्यावा लागतो आणि रक्ताला फक्त थंड पाणी. चिखलाखाली रक्त लपलेलं असलं आणि आपण गरम पाण्यात घातलं, की ते कापडात शिजून बसतं, मग जन्मभर जात नाही. तेव्हा कोण कुठे पडला, कुणाचा गुडघा फुटला, हे डोळ्यांनी बघून ठेवलेलं बरं. लोक चेंडूकडे बघायचे, मावशी बाह्यांकडे आणि गुडघ्यांकडे. “आठ नंबरचा उजवा खांदा गेला,” असं ती म्हणाली की शेजारी समजायचे, आता काही खांद्याला औषध लागणार नाही, साबण लागणार.

रविवारी दुपारी चारला ती हातपाय धुऊन टीव्हीपुढे बसायची ती पंचाची शेवटची शिट्टी होईपर्यंत. आजारपणातही चुकलं नाही. नेमाला कारण लागत नाही, वेळ लागते.

आणि कामाकरता बघता बघता जीव कधी गुंतला ते तिलाही कळलं नाही. तो गुंतला खांबात. गोलकीपर. गोलाचे दोन खांब लाकडाचे आणि तिसरा हा, असं लोक म्हणायचे. आला तेव्हा मिसरूड फुटायचं होतं, आता कानशिलं पांढरी झाली होती. बाकीचे पोरटे जर्स्या टोपलीत भिरकावून जायचे. हा मात्र सोमवारी सकाळी स्वतः घेऊन यायचा, उलटी करून, नीट घडी घालून. नेहमी डाव्या अंगावर झेपायचा, म्हणून डावं कोपर कायम रंगलेलं.

“मावशी, काल तीनदा डावीकडे गेलो.”

“बघितलं मी. तिसऱ्यांदा उशीर केलास.”

“तुम्ही कोच व्हा बरं.”

“मग तुझे कपडे कोण धुणार, कोच?”

एवढंच बोलणं व्हायचं. पण एवढ्याशा बोलण्यावर माणूस आठवडा काढतो.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की या खेळातून अजून काही पिळून निघेल. पिळण्याचं मावशीला माहीत होतं. प्रमाणाबाहेर पिळलं की कापडाचा धागा तुटतो. आधी वेळ हलली. चारचा सामना रात्री नऊला गेला, कधी सोमवारी भरदुपारी, लोक कामावर असताना. मग पडद्याच्या खाली पट्टी आली, पैज लावा, पैज लावा. मग ती पट्टी वाढत वाढत खेळाडूंच्या गुडघ्यांपर्यंत आली. कुणी पडलं की कॅमेरा त्याला सोडून मालकाचं तोंड दाखवायचा. गोल झाला तरी सुख नाही. कुठल्यातरी बंद खोलीत बसलेले लोक तो चित्रात परत परत तपासायचे आणि तोवर मैदानावरची माणसं पुतळ्यासारखी उभी. शेजारचे रिक्षावाले काका एकदा उड्या मारून दमले आणि मग कळलं की गोल नाही. ते चप्पल घालता घालता म्हणाले, “आनंद करायचा की नाही हे विचारून यायला लागतं. एवढी चौकशी तर माझ्या लग्नातही झाली नव्हती.” ते पुन्हा आले नाहीत. पाठोपाठ शिवणकामवाली गेली, मग तिचा भाऊ. उरल्या मावशी आणि नणंद. आणि एका रविवारी टीव्ही लावला तर सामन्याच्या जागी नुसती पाटी: बघायचं असेल तर वर्गणी भरा. लीगची एका वाहिनीला, चषकाची दुसरीला, परगावच्या सामन्यांची तिसरीला.

“एका नवऱ्यासाठी तीन सासवा,” नणंद म्हणाली आणि टीव्ही बंद केला.

याच हंगामात मावशीच्या हातून ती चूक झाली. खांबाच्या डाव्या कोपरावर चिखल होता. चिखलाखाली रक्त होतं ते बघायला ती नव्हती. जर्सी गरम पाण्यात गेली आणि कोपरावर रुपयाएवढा तपकिरी डाग कायमचा बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती जर्सी हातात घेऊन ती खांबापुढे उभी राहिली तर तो म्हणाला, “राहू दे मावशी. माझंच रक्त आहे, परकं थोडंच आहे?” आणि तीच घालून खेळत राहिला. मग वाहिनीकडून निरोप आला की डाग पडद्यावर वाईट दिसतो. मॅनेजरनं जर्सी चिंध्यांच्या टोपलीत टाकायला लावली. मावशीनं ती टोपलीतून काढली आणि खोलीतल्या कपाटात, आपल्या टॉवेलाखाली ठेवून दिली.

शूटिंग आटोपल्यावर सोफा परत जाताना टोपीवाल्यानं सहज विचारलं होतं, लोक हल्ली फुटबॉल का बघत नाहीत हो मावशी? आमचे साहेब म्हणतात, लोकांना धीर राहिला नाही, तरणी पोरं मोबाईलला चिकटली.

“आम्ही उठून गेलो नाही हो,” मावशी म्हणाली. “आम्ही बसलेलोच होतो. तुम्ही खालची चटई ओढलीत.”

तो मान डोलावत होता, पण कानातल्या यंत्रावर दुसऱ्याच कुणाशी बोलत होता.

डबा मात्र खरंच बसला. हिरवा दिवा लागला. मधल्या रविवारी भलत्याच कुठल्या दोन क्लबांचा सामना दिसला आणि तो मावशीनं ट्रायल म्हणून शेवटपर्यंत बघितला.

खांबाच्या सामन्याचे फलक रस्त्यारस्त्यावर लागले होते. त्याचा फोटो, खाली ‘अखेरची झेप’. मावशीनं सकाळीच खोली पुसली. रिक्षावाले काका आले, शिवणकामवाली आली, तिचा भाऊ स्टूल घेऊन आला. चहा झाला. चार वाजले. नणंदेनं टीव्ही लावला.

पडद्यावर खांबाचा फोटो आला. फोटोखाली लिहिलं होतं, हा खास सामना आहे, यासाठी वेगळी वर्गणी भरा.

मावशीनं मॅनेजरला फोन लावला. गडबडीत होता, पण उचलला. म्हणाला, मावशी, तुम्हाला दिली ती साधी योजना, आजचा खास योजनेत येतो, माझ्या हातात काय आहे? मावशी म्हणाली, “साहेब, मी ओरडले होते.” तिकडून फोन कट झाला होता.

नणंदेनं बटणं दाबून एक फुकटची वाहिनी लावली, निदान बातमीत तरी काही कळेल म्हणून. तिथं जाहिराती चालल्या होत्या. आणि त्या जाहिरातींत, सगळ्यांच्या देखत, त्यांचीच खोली आली. तीच भिंत, परका सोफा आणि त्यावर हे सगळे. जाहिरातीतल्या टीव्हीत सामना अगदी स्वच्छ दिसत होता. खांब डावीकडे झेपावला, चेंडू अडवला, पुढच्या क्षणी पलीकडे गोल झाला आणि मावशी हात वर करून तोंडभर हसत उठली. वर अक्षरं आली: प्रत्येक घरात, प्रत्येक क्षण.

बाहेरून, दोन गल्ल्या पलीकडून, मैदानावरचा खराखुरा गलका आला.

“बघा,” नणंद म्हणाली, “त्या पडद्यातल्या वहिनीच्या घरी दिसतोय.”

काका हसले नाहीत. मावशी उठली, डब्याची वायर उपटली, ती गुंडाळून डबा दाराबाहेर ठेवला आणि दार लोटून घेतलं. इतक्या वर्षांत तिला कुणी दार आपटताना ऐकलं नव्हतं, आणि त्या दिवशीही तिनं ते आपटलं नाही. नुसती कडी लावली. शेजाऱ्यांना निघायला सांगावं लागलं नाही, पण निघालंही कुणी नाही. ते सगळे बंद टीव्हीपुढे बसून बाहेरचा गलका ऐकत राहिले. आवाजावरून ओळखू लागले. हा आपल्यांचा. हा पंचावर चिडलेल्यांचा. मग एक फार लांब शांतता पसरली आणि ती कशाची, ते कुणालाच ओळखता आलं नाही.

सोमवारी टोपल्या आल्या. मावशी एकेक जर्सी पाटावर पसरून बघू लागली. आठ नंबर उजव्या खांद्यावर पडला होता, तीनच्या दोन्ही गुडघ्यांवर गवत होतं, म्हणजे कुणाला तरी घसरून अडवलं होतं. मधल्या फळीला फार पळावं लागलेलं दिसत होतं, गळे घामानं कडक झाले होते. गोलकीपरच्या रंगाची एक जर्सी टोपलीत होती. चिखलात माखलेली, पण आखूड बाह्यांची. खांबाच्या जागी आलेल्या नवीन पोराची.

तेवढ्यात दारात खांब आला. हातात घडी, नेहमीसारखी उलटी.

“काल बघितलंत मावशी?”

“नाही रे. आमच्याकडे दिसला नाही.”

त्यानं श्वास सोडला. “बरं झालं,” म्हणाला.

मावशीनं घडी उलगडली. फलकावर होती तीच खास जर्सी, छातीवर ‘अखेरची झेप’ छापलेली. पुड्यातून काढतानाच्या सुरकुत्या तशाच होत्या. तिनं डावं कोपर उजेडात धरलं. कोरडं होतं. गुडघाभर चिखलाच्या दिवशी, मोगऱ्यासारखं पांढरं.

तिनं वर बघितलं. तो टाकीतल्या पाण्याकडे बघत होता.

शेवटची दहा मिनिटं देणार होते, त्यानं सांगितलं. रेषेवर नेऊन उभा केला, खेळाडू बदलायची आकड्याची पाटी वर धरली. तेवढ्यात आपल्यांचा गोल झाला आणि तो तपासायला घेतला. तपासत राहिले, मध्ये जाहिराती दाखवल्या, मग गोल नाही म्हणून सांगितलं आणि शेवटची शिट्टी वाजली. “आत पाय टाकलाच नाही मावशी. मग खुर्चीवर बसवून मुलाखत घेतली.”

ती लांबलेली शांतता मावशीला आता ओळखू आली.

ती कपाटाकडे गेली, टॉवेलाखालून जुनी जर्सी काढली आणि त्याच्या हातात दिली. “ही ने. हिच्यात तू खेळलायस.”

त्यानं कोपरावरच्या डागावर अंगठा फिरवला. मग जर्सी काखेत धरून, मान किंचित वाकवून, दारातून बाहेर पडला. त्या दारातून तो कायम वाकूनच जायचा.

नवी जर्सी पाटावर राहिली. मावशीनं ती नीट न्याहाळली. गळ्याच्या पट्टीवर आतून फिकट गुलाबी थर होता. मुलाखतीआधी तोंडाला फासतात ती पावडर. ती कशानं निघते हे मावशीला माहीत नव्हतं, आजवर कधी कामच पडलं नव्हतं.

मग तिनं गरम पाण्याचा नळ बंद केला आणि रक्ताच्या डागाला घालतात तशी ती जर्सी अलगद थंड पाण्यात घातली.