झोप्या जागा राहिला

'शेवटी त्याने दुकानाची किल्ली भावाच्या हातात दिली आणि काहीच बोलला नाही, ते मला आवडलं.'

हा मेसेज मी लिफ्टच्या मशीनरूममध्ये उभ्याउभ्या वाचला. मग खाली बसून पुन्हा वाचला. मेसेज झोप्याचा होता. सिनेमा नुकताच संपला होता आणि झोप्या जागा होता. नुसता जागा नव्हे, त्याला शेवट कळला होता आणि वर आवडलाही होता.

यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. पण आम्ही त्याला होस्टेलपासून ओळखतो. या माणसाने आजवर एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही. बिस्किटांच्या कारखान्यात जन्मभर पहिली पाळी केलेला माणूस तो. पहाटे ओव्हनपाशी उभा राहायचा आणि दुपारी घरी येऊन जेवला की बसल्या जागी गुल व्हायचा.

आम्ही चौघं तंत्रशाळेच्या होस्टेलवर एका खोलीत राहायचो. मी काडी, कारण तेव्हा तसा होतो. आता आरशात पाहिलं की नाव भलत्याच कुणाचं तरी वाटतं. वकील कोर्टाची पायरी कधी चढलेला नाही, तो बसगाड्या रंगवतो. पण 'आज थंडी आहे' म्हटलं तरी पुरावा मागतो. मावशी हा दाढीवाला, दांडगा वेल्डर. कुणी शिंकलं की त्याच्या जिवाला घोर लागतो. आणि चौथा झोप्या.

आता चार गावांत चौघं. आमचा ग्रुप वर्षभर निपचित पडलेला असतो. कुणाचा वाढदिवस आला तरी आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात येत नाही. वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या की मात्र तो खडबडून जागा होतो. दुपारी तीनला सगळ्यांनी आपापल्या जागी एकच सिनेमा लावायचा, 'तीन, दोन, एक' म्हणून एकदम सुरू करायचा आणि बघताबघता बडबड करायची. बडबड सिनेमाची कमी आणि इकडची तिकडचीच जास्त. कुणाचं गुडघ्याचं दुखणं, कुणाचा गळका नळ, कुणाच्या जावयाचा आगाऊपणा. पाऊण सिनेमा झाला की झोप्याचा एक अर्धवट मेसेज यायचा. 'आता हा मा' किंवा 'मला तर वाट'. की समजायचं, अंगठा थांबला, स्वारी झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो विचारायचा, 'शेवट काय झाला रे?' आणि इथून आमचा खरा खेळ सुरू व्हायचा. खरा शेवट कुणीही सांगायचा नाही, हा नियम. तिघांनी तीन थापा मारायच्या, त्यातली त्याला पटेल ती तो निवडायचा. ज्याची थाप निवडली तो पुढचा सिनेमा ठरवणार. बहुतेक वेळा वकीलच जिंकायचा. खोटं बोलताना त्याला पुरावा लागत नाही. मी आयुष्यात एकदाच जिंकलो. खुनाचा सिनेमा होता. मी लिहिलं, खून झालाच नव्हता, मेलेला माणूस घरच्यांना कंटाळून निघून गेला होता आणि शेजारच्या गावात मजेत होता. झोप्याने लिहिलं होतं, 'काडी, हे एकदम पटलं. माणसं अशीच जातात.'

आणि आता हा माणूस मला खरा शेवट सांगत होता.

मी 'अरे झोपला नाहीस?' असं लिहिलं. उत्तर आलं, 'नाही. हल्ली झोप येत नाही.' पुढे पूर्णविराम. झोप्या आणि पूर्णविराम!

तेवढ्यात पॅनेलवर दिवा लागला. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. सुट्टीच्या दिवसांत मी ड्यूटी मागूनच घेतो. बाकीच्यांना मुलंबाळं आहेत, मला काय, घरी पंखा आणि मी. खाली जाऊन दरवाजा उघडला, तर आत एक गृहस्थ केक सांभाळत उभे.

"काय झालं होतं हो नक्की?" त्यांनी विचारलं.

"दरवाजा बंद होता, पण लिफ्टला वाटत होतं तो उघडाय."

"असं कसं वाटेल?"

"वाटतं कधीकधी," मी म्हटलं. माझं लक्ष खिशातल्या फोनकडे होतं.

ग्रुपवर एव्हाना धुमाकूळ सुरू झाला होता. वकिलाने निकाल देऊन टाकला होता, 'हा झोप्या नव्हे. फोन चोरीला गेलाय.' मावशीचं म्हणणं, 'चोर कशाला आपल्याबरोबर सिनेमे बघत बसेल? निवृत्त झाला असेल, झोप पुरी होत असेल. चांगलंय की.' परवाच्या सिनेमालाही तो शेवटपर्यंत जागा होता, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं. अर्धवट मेसेज आला नव्हता आणि सकाळी त्याने काही विचारलंही नव्हतं. आम्ही आपापल्या थापा तयार करून नुसतेच बसलो होतो.

मी परीक्षा घ्यायची ठरवली. लिहिलं, 'होस्टेलवर तुझी उशी कुणी लपवली होती? कुठे?'

उत्तर लगेच आलं. 'मावशीने. पाण्याच्या टाकीवर. नंतर पाऊस आला आणि ती भिजली, म्हणून मावशीने स्वतःची दिली.'

शेवटचा भाग मलाही माहीत नव्हता. मावशीने अंगठा दाखवून खरं असल्याचं कबूल केलं. वकील गप्प झाला, आणि तो गप्प झाला म्हणजे प्रकरण गंभीर. मी फोन लावला. वाजत राहिला. मग मेसेज आला, 'घसा बसलाय. बोलता येत नाही.'

त्या रात्री माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. माणूस तोच, आठवणी त्याच, पण वागणं दुसऱ्याच कुणाचं. आणि मग एक विचार आला, तो काही केल्या जाईना. हा आधीपासून जागाच असायचा की काय? अर्धवट शब्द पाठवून, डोळे उघडे ठेवून शेवट बघायचा आणि सकाळी साळसूदपणे विचारायचा? आमच्या थापा वाचून मनातल्या मनात हसायचा? मला राग आला. खरं सांगायचं तर रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं. मी दिवसभर दोऱ्या, ब्रेक आणि बटणं याशिवाय कशाशी बोलत नाही. वर्षातून एकदा या एका माणसासाठी मी काहीतरी रचतो. तो ते खरं मानतो, ही माझी एवढीशी ऐट होती. तीच खोटी निघाली तर मग राहिलं काय?

रजेच्या दिवशी सकाळची बस धरली. म्हटलं, एकदा समोरासमोर सोक्षमोक्ष लावून टाकू.

दार वहिनींनी उघडलं. मी त्यांना फक्त लग्नात पाहिलं होतं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे निरखून पाहिलं.

"काडी भाऊजी ना?"

"ओळखलंत?"

"हे म्हणायचे, काडी आता काडी राहिला नसणार." त्या बाजूला झाल्या. "या ना आत."

'म्हणायचे' हा शब्द माझ्या कानावर पडला, पण आत उतरला नाही. मी चपला काढल्या, सोफ्यावर बसलो. सोफ्याचा डावा कोपरा दबून खोलगट झाला होता, म्हणून मी उजवीकडे सरकलो. समोर टीव्ही. टीव्हीशेजारी झोप्याचा फोटो, आणि त्याच्याजवळ त्याचा फोन चार्जिंगला लावलेला.

फोटोकडे बघताबघता मला ते कळलं. कुणी सांगावं लागलं नाही. मी एवढंच म्हणू शकलो, "कधी?"

"थंडी सुरू व्हायच्या आधी. इथेच." त्यांनी त्या खोलगट कोपऱ्याकडे पाहिलं. "दुपारी जेवण झालं. सिनेमा लावला होता. हे नेहमीसारखे मध्येच झोपले. मी बघत बसले शेवटपर्यंत. मी नेहमीच बघायचे, भाऊजी. हे झोपले की आवाज थोडा कमी करायचा आणि पुढचं बघायचं. सिनेमा संपल्यावर चहा ठेवला आणि उठवायला आले."

त्या थांबल्या.

"डॉक्टर म्हणाले, बराच वेळ झालाय. म्हणजे मी इथेच होते. शेजारी. आणि शेवट बघत होते."

त्यांचा आवाज कापत नव्हता. तो कापला असता तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "वहिनी, तो रोजच झोपायचा. कुणालाही तसंच वाटलं असतं." माझं बोलणं मलाच पोकळ वाटलं.

मग त्यांनी चहा केला. कप हातात आल्यावर त्या जरा सैल झाल्या. "तुम्हाला कळवायला हवं होतं. नातेवाइकांना कळवलं, कारखान्यात कळवलं. तुमचा ग्रुप तेव्हा बंदच होता, मला सुचलंच नाही. आणि मग सुट्ट्या लागल्या आणि तुम्ही विचारलंत, 'झोप्या, जागा आहेस का?' कुणी विचारलं तर उत्तर द्यायला नको का? मी 'हो' लिहिलं. नंतर 'नाही' कसं लिहायचं तेच कळेना."

"आणि उशीची गोष्ट?"

"तुमच्या खोलीतलं मला सगळं पाठ आहे. तुम्ही तिघंही." त्या पहिल्यांदाच थोडं हसल्या. "घसा बसल्याचं तेवढं खोटं बोलले. बाकी मला रचता येत नाही. म्हणून खरा शेवट लिहून बसले. झोपायचं नाटकही करता आलं असतं, पण झोपच येत नाही हो. यांच्या घोरण्यात मला लागायची."

मी इतक्या तावातावाने बसमध्ये बसलो होतो, त्याची मला लाज वाटली.

"तुमचे शेवट हे रोज सकाळी मला वाचून दाखवायचे," वहिनी म्हणाल्या. "मला खरे माहीत असायचे. पण एकदाही सांगितलं नाही. यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. तुमचा तो एक तर यांनी कितीतरी जणांना सांगितला. तो मेलेला माणूस कंटाळून शेजारच्या गावी जातो, तो."

"माझा तेवढा एकच निवडला त्याने."

"हो. ते माहितेय."

निघताना मी चपलेत पाय घालत होतो, तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? त्या दिवशीच्या सिनेमाचा शेवट यांना कुणीच सांगितला नाही."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"कुठपर्यंत बघितलं होतं त्याने?"

"म्हातारा-म्हातारी स्टेशनवर बसलेत. मुलगी यायची असते. गाड्या येतायत, जातायत. हे म्हणाले, 'आता हा म्हातारा', आणि गप्प."

तो सिनेमा मी पाहिला नव्हता. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, असा मी उभा राहिलो. ऐन वेळी मला कधीच काही सुचत नाही. "मग... मग म्हातारा म्हणतो, ती येत नाही तर आपणच जाऊ. दोघं समोर येईल त्या गाडीत चढतात. तिकीट नसतंच. तिकीट तपासणारी येते आणि त्यांना दंड करते. आणि ती त्यांची मुलगीच असते."

"आणि दंड करते?"

"पूर्ण करते. ड्यूटी म्हणजे ड्यूटी."

वहिनी हसल्या. तोंडावर पदर धरून बराच वेळ हसल्या, मग डोळे पुसले. "यांनी वकील भाऊजींचाच निवडला असता," त्या म्हणाल्या.

"बहुतेक," मी म्हटलं.

बसस्टॉपवरून मी दोघांना फोन केला. असलं ग्रुपवर लिहिता येत नाही. वकिलाने आयुष्यात पहिल्यांदा पुरावा मागितला नाही. मावशीने विचारलं, "जेवतात का वहिनी वेळेवर? झोपतात का?" मी म्हटलं, झोपेचंच अवघड आहे.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी तीनच्या सुमाराला मी मशीनरूममध्ये डबा उघडून बसलो होतो. सिनेमा लावायचा की नाही, कुणीच बोलत नव्हतं. मग मावशीने लिहिलं, 'वहिनी, तुम्ही आहात ना?' झोप्याच्या नावाने उत्तर आलं, 'आहे.' वकिलाने 'तीन, दोन, एक' लिहिलं.

सिनेमा सुमार होता. एक बाई गावाबाहेरचं घर विकायला काढते आणि येईल त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणते. मावशीने आपल्या रक्तदाबाचा आकडा कळवला. वकिलाने रंगाच्या दर्जावरून तक्रार केली. वहिनींनी लिहिलं की कारखान्यातली माणसं बिस्किटांचा एक मोठा डबा देऊन गेली आणि आता तो कोण संपवणार. आम्ही तिघांनीही 'मी, मी' म्हणत हात वर केले.

पाऊण सिनेमा झाला असेल. फोन थरथरला.

'ही बाई आता पर'

मी वाट पाहिली. पुढे काही आलं नाही. खरंच डोळा लागला, की आमच्यासाठी तसं लिहिलं, मला समजेना. अजूनही समजलेलं नाही. मी फोनचा आवाज बंद केला. मशीनरूममध्ये मोटर तेवढी सुरू होत होती, थांबत होती. त्या दुपारी नंतर ग्रुपवर कुणी एक अक्षरही लिहिलं नाही.

सकाळी मी ब्रेकला तेल देत होतो तेव्हा मेसेज आला.

'शेवट काय झाला हो?'

वकील टाइप करत होता. मावशी टाइप करत होता. मी हाताचं ग्रीस पँटला पुसलं आणि लिहायला घेतलं.