एका दारातल्या दोन नसा

माणसाच्या कमरेची रचना तशी सरळ. मणक्याच्या दर मजल्याला एक दार, दर दारातून पायाकडे निघणारी एक नस. पण नियम म्हटला की तो मोडणारा कुणीतरी निघतोच. काहींच्या कमरेत दोन नसा एकाच वेष्टनात गळ्यात गळा घालून एकाच दारातून बाहेर पडतात.

डॉक्टरीणबाईंना हे ठाऊक नव्हतं थोडंच! विद्यार्थ्यांना त्या घसा कोरडा होईस्तोवर हेच शिकवायच्या. पण त्या सकाळी टेबलावर होता विजेच्या खांबांवर चढणारा वायरमन, आणि फोटोत त्यांना दिसली ती मणक्यांमधली सरकलेली गादी. मनात गादी, तर डोळ्यांना दुसरं काय दिसणार?

भूल चढण्याआधी तो म्हणाला होता, "बाई, दुखणं थोडं राहिलं तरी सोसेन, पण पाय शाबूत ठेवा. पाऊल लुळं पडलं तर खांबावर कोण चढणार? घरी बसून बायकोची बोलणी खावी लागतील."

"काळजी करू नका, हे आमचं रोजचंच आहे," बाई म्हणाल्या. मेली जीभ, किती सैल सुटते!

हाड कोरल्यावर आत जाडसर, पांढुरका फुगवटा दिसला. नस आकड्यानं बाजूला सारायची आणि खालची गादी काढायची, ही नेहमीची पद्धत. नस हलेना. चिकटली असेल, म्हणून बाईंनी आणखी ओढली. तरी जागची हलेना. मग फुगवटा म्हणजेच गादी असं धरून तो कापायला त्यांनी सुरी मागितली.

सुरी टेकणार, तोच मनात पाल चुकचुकली. चिकटलेली नस थोडी तरी सरकते; ही तर खुंट्याला बांधल्यासारखी! त्यांनी बोथट सळईनं कड चाचपली. फुगवट्याच्या मधोमध बारीकशी खाच लागली. अगं आई गं! गादी नव्हतीच ती. दोन नसा होत्या.

सुरी ट्रेमध्ये परत गेली. त्यांनी आजूबाजूचं हाड आणखी कोरून नसांना मोकळी जागा दिली, नसांखाली दडलेला गादीचा खरा तुकडा काढला आणि टाके घातले. कापलं नाही, हे खरं. पण ओढलं होतं, त्याचं काय?

बाई तो शुद्धीवर येण्याची वाट बघत बसल्या. चहा समोर निवून गेला. देवाचं नाव फारसं न घेणारी बाई, पण भिंतीकडे तोंड करून हात जोडून मोकळी झाली.

वायरमन जागा झाला तेव्हा त्याची बायको पायथ्याशी उभी होती. "पायातली कळ गेली की हो, बाई!" तो छताकडे बघत हसला. बायकोनं हसत पदरानं डोळे पुसले.

बाईंनी चादर वर केली. "उजव्या पायाचा अंगठा वर करा बघू."

अंगठा जिथल्या तिथे.

"करा ना," बाईंचा आवाज चिरकला.

"केला की!" तो म्हणाला. "आता काय खांबावर चढून दाखवू?"

बायकोनं अंगठ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं.

"अगं, सांग ना त्यांना," तो बायकोला म्हणाला, "केला ना मी वर?"