काचा स्वच्छ आहेत

मी अनुजाची दुर्बीण बोलतेय. लालबागच्या चाळीत दाराजवळच्या खिळ्याला लटकलेय आणि मला फार लाज वाटतेय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, आठवत नाही. चोरबाजारातल्या एका फळीवर धूळ खात पडले होते. तिथून मला कमलताईंनी, म्हणजे अनुजाच्या आईने, लेकीसाठी उचललं. पण घेण्याआधी स्वतः डोळ्यांना लावून बघितलं, तेही उलटं. मग सरळ धरलं, तारेवरचा कावळा पाहिला आणि बाई हसत सुटल्या. "कावळो केवढो दिसता गो!"

कमलताई ओहोटीला चिखलात उतरून निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, धरतात आणि नाक्यावर विकतात. त्यावरच अनुजा शिकली, ऑफिसात लागली. मात्र ऑफिसात तिने सांगून ठेवलंय की आई घरीच असते.

परवाच्या रविवारी ती ऑफिसातल्या वैभवला आणि आणखी दोघांना पक्षी दाखवायला शिवडीच्या धक्क्यावर घेऊन गेली. ऑक्टोबर महिना, परदेशी पाहुण्या पक्ष्यांचा अजून पत्ता नाही. नुसता चिखल चमकत होता. पक्षी नसले की या मंडळींना बांबूतही करकोचा दिसतो. माणसं चार आणि दुर्बीण मी एकटी, त्यामुळे माझी ओढाताण चाललेली.

तेवढ्यात वैभवने लांबवर बोट दाखवलं. राखाडी काहीतरी वाकून चिखलात टोचत होतं. अनुजाने मला डोळ्यांना लावलं, चाक फिरवलं. मी चोख दाखवलं. खोचलेलं राखाडी लुगडं, कोपरापर्यंत चिखल, कमरेला टोपली. कमलताईंनी मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली.

"काय आहे गं?" वैभवने विचारलं.

"काही नाही. बगळा आहे."

त्याने हात पुढे केला, तर हिने माझा पट्टा घट्ट धरला. म्हणाली, काचा धुरकट झाल्यात, काही दिसायचं नाही. इतकं स्वच्छ मी आयुष्यात दाखवलं नव्हतं. आणि मला तोंड नाही.

संध्याकाळी घरी निवट्यांचं कालवण होतं. अनुजा नुसता भात चिवडत होती. कमलताईंनी तिला वाढता वाढता सांगितलं, "धक्क्यार तुजी पिवळी टोपी वळखलंय. हाक मारूची वाटली. पण हाफिसातली माणसां हुती तुज्याबरोबर. म्हणान पाठ फिरवलंय."

एवढ्या लांबून, नुसत्या डोळ्यांनी. अनुजा ताट तसंच ठेवून उठली आणि मला खिळ्याला अडकवलं, काचा भिंतीकडे करून.

तेव्हापासून अशीच आहे. अनुजा, पुढच्या रविवारी मला त्याच धक्क्यावर ने. कमलताई येतील तिथे. मला वैभवच्या हातात दे आणि त्या कोण आहेत ते सांग. काचा स्वच्छ आहेत.