पाठ लागली म्हणे!

एंजेलाचा पाय घसरला होता. कुणी पाडली नव्हती तिला. हे मी सांगतेय, नागापूरच्या तालमीत साखळीला टांगलेली मार खायची बॅग, आणि मला आजवर कुणी विचारलं नाही. बॅगेला कुठं तोंड असतं, म्हणाल. नसू दे तोंड. अंग तर आहे? इथल्या एकूणएक पोरांचे ठोसे या अंगानं सोसलेत. कोण कसं मारतं, ते लांबून बघणाऱ्यांनी मला शिकवू नये.

माझा जन्म मार्थाच्या शिलाई मशीनवर झाला. एमआयडीसीतल्या टेम्पोंची सीट कव्हरं शिवते ती. उरलेल्या ताडपत्रीला दुहेरी शिलाई घातली, पोटात चिंध्या आणि लाकडाचा भुसा ठासला, झाले मी. लेकीला, एंजेलाला, बॉक्सिंगचा नाद लागला होता आणि तालमीत होती नुसती लाल माती. तालीम आप्पासाहेबांची, कुस्तीची. पैलवान कमी झाले तेव्हा त्यांनी अर्धी जागा ओंकार सरांना दिली, बॉक्सिंग शिकवायला.

मला टेम्पोतून उतरवलं तेव्हा आप्पासाहेब ओरडले, "मार्थे, हे कुनाचं मढं आनलंस गं?"

"मढं न्हाई आप्पा, तुमच्या नव्या पैलवानांची सासू हाय. बडवू द्या जरा."

आप्पासाहेब पोट धरून हसले. मनानं वाईट नाही माणूस.

पोरापोरींना ते सासूचं इतकं आवडलं, की आधी माझ्या पाया पडायची आणि मग बडवायची. माणसांची रीतच ती. मला नवल वाटलं नाही.

तालमीत बघायला गर्दी व्हायची ती पूजासाठी. पोरगी होतीच तशी. पाखरासारखी उड्या मारायची, वेणी उडवायची, हात लांबून फिरवून फाडकन ठोसा द्यायची. आवाज असा, की रस्त्यावरचे मोटारसायकल थांबवून मोबाईल काढायचे. "लई भारी! काय मारती राव!" आणि मला काय लागायचं? ताडपत्री झटकल्यासारखं. आत भुशाला पत्तासुद्धा नसायचा.

एंजेला बघायला कुणी थांबायचं नाही. उड्या नाहीत, ओरडणं नाही. हनुवटी खाली, कोपर बरगडीला चिकटलेलं. जवळ यायची आणि कमरेतून एकच द्यायची. आवाज कसला, पोतं खाली ठेवल्यासारखा. पण माझ्या पोटातल्या चिंध्या जागा सोडायच्या.

हे मला कळायचं आणि आणखी एकाला. ओंकार सर माझ्यामागं उभे राहून मला खांद्यानं रेटून धरायचे. एंजेलाचा ठोसा माझ्यातून आरपार त्यांच्या खांद्यात जायचा. "अगं, माझा हात मोडशील!" म्हणायचे. पूजाच्या वेळी मात्र एका हातानं मला धरायचे आणि दुसऱ्या हातानं मोबाईल बघायचे.

मग पुण्याच्या निवड चाचणीचं आलं. दोघींचं वजन एकच आणि तालमीतून जायची होती एकच. एंजेला तर वर्षभर त्याच एका दिवसासाठी घाम गाळत होती. सरांनी दोघींची लढत लावली आणि पंच म्हणून उभं केलं आप्पासाहेबांना. का? तर म्हणे मान राहतो.

लढतीच्या दिवशी तालमीचं शेड माणसांनी भरलं. हलगी आली. पूजा नाचत आली, शिट्ट्या झाल्या. एंजेलानं तिला नाचू दिलं. तिसऱ्यांदा पूजाचा हात लांबून फिरला तेव्हा ती आत शिरली आणि बरगडीखाली दिली. पूजाचं तोंड उघडंच राहिलं. दुसरी द्यायला एंजेलानं पाय टाकला, तो नेमका कुणाच्या तरी बाटलीतून सांडलेल्या पाण्यावर. सपशेल पाठीवर पडली.

"पाठ लागली! चितपट!" आप्पासाहेबांनी पूजाचा हात वर केला. हलगी कडाडली.

एंजेला झटकन उठली. "आप्पा, कुस्ती न्हाई ही! घसरले मी. पुढं खेळू द्या."

"पोरी, पाठ लागली म्हंजी लागली. पंचाशी वाद न्हाई घालायचा."

तिनं सरांकडं बघितलं. सगळ्या शेडनं बघितलं. बॉक्सिंगमध्ये घसरलेल्याला हार नसते, उठवून पुन्हा खेळवतात. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. सर गळ्यातल्या शिट्टीशी चाळा करत म्हणाले, "पंचांचा शब्द शेवटचा."

मार्था गर्दीतून पुढं आली. "सर, तुमाला नेम ठावं हाय. बोला की!"

"मावशी, मोठ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडायचं का? मान ठेवावा लागतो."

"मान त्यांचा ठेवा, अन् मान मुरगाळा माझ्या पोरीची!"

कुणीतरी हसलं. एंजेला हातावरच्या पट्ट्या सोडत बाहेर गेली. पुन्हा आली नाही. आता कंपनीत पॅकिंगला जाते. तालमीवरून जाताना मान वळवत नाही.

पूजा पुण्याला गेली आणि पहिल्याच लढतीत हरून आली. आली ती सरळ सरांपुढं उभी राहिली. वेणीबिणी काही उडवली नाही.

"सर, तिथं एक पोरगी घसरली. पंचानं तिचे ग्लोव्हज पुसले अन् म्हनला, चला, सुरू करा. तुमाला ठावं व्हतं?"

सरांनी खिशातून मोबाईल काढला.

"इथं एंजेलाची मला पोटात अशी बसली व्हती, की दुसरी बसती तर मीच खाली असते. एंजेलाच जायला पायजे व्हती."

आप्पासाहेब मातीवर पाणी शिंपडत होते. तांब्या तसाच धरून म्हणाले, "ओंकार, मला का न्हाई बोलला रं? मी काय तुला खाल्ला असता?"

सर मोबाईलमध्ये बघत बाहेर गेले.

आज माझी एक कड उसवलीय, आतून भुसा गळतोय. चिकटपट्टी लावलीय वरून. पूजा येते, आता उड्या न मारता शिकायला बघते, पण शिकवणार कोण? जाता-येता कुणाला एंजेला भेटली तर एवढं सांगा, तुझ्या आईनं शिवलेली अजून टांगलेली आहे, ये आणि मार. मला राग नाही येणार. पण मागून धरायला दुसरं कुणीतरी उभं करा.

लोक त्या पाण्याला दोष देतात, तिच्या झिजलेल्या बुटांना देतात. मार्था अजून आप्पासाहेबांच्या नावानं बोटं मोडते. म्हाताऱ्याला कशाला? त्यानं जन्मभर पाठ लागली की हार, एवढंच बघितलं. त्याला ठाऊकच नव्हतं. ठाऊक होतं ते एकालाच, आणि तिच्या ठोशाची ताकद स्वतःच्या खांद्यावर घेऊनही तो गप्प उभा राहिला. पोरीचं वाटोळं केलं ते त्यानं. ओंकारनं.