उलट्या टोकाचा प्रोसेसर

बाबांना जाऊन एकोणपन्नास दिवस झाले, तेव्हा जपानी रीतीप्रमाणे त्यांच्या वस्तू आठवण म्हणून वाटल्या. हिसाए भटजींना निरोप द्यायला स्टेशनवर गेली आणि तेवढ्यात धाकट्या भावाने, योशिताकेने, कपाटातला खोका बाबांच्या दुकानदार मित्राला, निशिगाकीसानना, देऊन टाकला. तिला हे कळलं आठवड्याने, बाबांचा संगणक बंद पडला तेव्हा.

"ताई, त्यात एक जुनं सर्किट होतं. निशिगाकीसान त्याच्याकडे असे बघत होते, जसं काही सोनंच!"

"सोनंच होतं ते. एकुलता एक जादा प्रोसेसर."

वीस वर्षं बाबांचा संगणक युनिक्स या जुन्या प्रणालीवर चालत होता, आणि तोही जगाने कधीच सोडून दिलेल्या प्रोसेसरवर. बहुतेक प्रोसेसर मोठी संख्या साठवताना शेवटचं टोक आधी ठेवतात, हा पहिलं टोक आधी ठेवायचा. त्यामुळे इतरांकडे झाकून राहणारी चूक इथे उघडी पडायची. दर रविवारी बाबा जगभरातल्या हौशी मंडळींचे प्रोग्राम त्यावर तयार करून पाहत आणि काय चाललं, काय मोडलं ते कळवत. आता मंडळींनी जाहीर केलं होतं: महिनाअखेरपर्यंत अहवाल आला नाही, तर या प्रोसेसरचं नाव त्यांच्या चाचणीच्या यादीतून जाईल.

अकरा दिवस उरले होते. हिसाए ओसाकातल्या निप्पोनबाशीला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेली.

निशिगाकीसानच्या दुकानात काचेच्या कपाटात तो हिरवा सर्किट-बोर्ड उभा होता. खाली चिठ्ठी: "विक्रीसाठी नाही."

"ये ये, पोरी. चेहरा असा का, कर्ज मागायला आल्यासारखा?"

"तो प्रोसेसर परत हवाय."

"दिलेली आठवण परत मागतेस? बापाने एवढंही शिकवलं नाही?" ते हसले. टेबलावर त्यांनी दोन नवे बोर्ड मांडले. "हा बघ, सगळं जग वापरतं तो. जलद, वीज कमी, आवाज नाही. नाहीतर हा छोटा, फोनमधल्यासारखा. यातही युनिक्स झकास चालतं. फुकट ने. त्या म्हाताऱ्याचा हट्ट तू का चालवतेस?"

छोटा बोर्ड तिने हातात घेतला. चांगला होता. बाबांना आवडला असता.

"हा संख्या कुठल्या टोकाने ठेवतो?"

"जसं सगळे ठेवतात तसं."

"मग सगळ्यांना जे दिसत नाही, ते यालाही दिसणार नाही."

"आणि कपाटातलं ते इतिहासाचं धन आहे, समजलं? शेवटचा नमुना. इथे तो सुरक्षित आहे."

"काचेत उभा राहून तो एकही चूक पकडणार नाही."

निशिगाकीसाननी मान हलवली. "रीत म्हणजे रीत. दिलेलं परत होत नाही."

हिसाएने त्यांनी दिलेला बार्लीच्या गार चहाचा पेला खाली ठेवला.

"बरं, रीतीनेच बोलू. बाबा चौऱ्याहत्तरचे होते. तुम्ही?"

"एकोणऐंशी. का?"

"गेलेल्याची वस्तू त्याच्याहून थोराला द्यायची नसते. तो थोराचा अपमान. योशिताकेला एवढीही अक्कल नाही. त्याच्या वतीने माफी मागते." ती उठून कंबरेत वाकली आणि वाकलेलीच राहिली. "तुमचा अपमान आमच्या घरातून झालाय. तो मला आजच्या आज परत न्यायचाय."

काउंटरपलीकडचं गिऱ्हाईक फिस्सकन हसलं.

"उठ, कंबर मोडेल," निशिगाकीसान म्हणाले. "अगदी बापावर गेलीस. तोही वाकायचा आणि वाकून माझा खिसा कापायचा."

चिठ्ठी काढून त्यांनी कपाट उघडलं. प्रोसेसर बसवताना लागेल म्हणून उष्णता ओढून घेणाऱ्या लेपाची नवी नळीही दिली.

रविवारी सगळे प्रोग्राम तयार व्हायला सतरा तास लागले. तीन मोडले. अहवालाखाली बाबांचं नाव आपोआप उमटत होतं. हिसाएने ते एकदा वाचलं, खोडलं, स्वतःचं घातलं आणि अहवाल पाठवला.

एका प्रोग्रामच्या कर्त्याचं उत्तर लगेच आलं: "असलं यंत्र अजून कोण वापरतं? आमच्याकडे तर सगळं नीट चालतंय."

तिने लिहिलं: "चूक तुमच्या दोनशे बाराव्या ओळीत आहे. तुमच्या यंत्रावर ती दिसणार नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तपासते, तोवर दुरुस्त करा."