पाचव्या घंटेवाल्या मॉरीनची व्हेप

२०१५ सालच्या फेब्रुवारीत, थॉर्नबेकच्या बाजारगल्लीत, एका बाईने मला काचेच्या कपाटातून बाहेर काढायला लावले. माझे आयुष्य तेव्हापासून सुरू झाले असे मी धरते. त्याआधी मी नुसतीच एक वस्तू होते.

मित्रांनो, मी एक जुनी व्हेप आहे, सिगारेटऐवजी ओढायची विजेची नळी. पोलादी, पेनाएवढी, अंगावर एकच बटण असलेली. माझ्या पोटात छोटी बॅटरी आहे. तिच्यावर इवलीशी काचेची टाकी, टाकीत रस, आणि त्या रसाची वाफ करणारी तारेची गुंडाळी. इतकाच माझा संसार. मला पडदा नाही, आकडे नाहीत, चमकणारे दिवे नाहीत. दुकानात वरच्या फळ्यांवर मोठमोठी यंत्रे दिमाखात उभी असत आणि मी खाली, गल्ल्याशेजारी, धूळ खात पडलेली असे. तरुण गिऱ्हाइके मला पाहून म्हणत, "ही कोणा आजीबाईची?"

दुकान बर्नीचे होते. ती आधी केस कापायचे काम करी आणि स्वतः वीस वर्षे सिगारेट ओढून मग सुटलेली होती. त्या दिवशी मॉरीन हॅस्लम आत आली. साठीला टेकलेली, गावच्या शाळेत स्वयंपाक करणारी, हाताला दोराचे घट्टे पडलेले. तिने पिशवीतून एक मोठे यंत्र काढून बर्नीसमोर ठेवले.

"हे परत घे."

"काय बिघडलं याचं?"

"काय नाही बिघडलं ते विचार. गळतं. आणि काल यानं मला चार प्रश्न विचारले. मला सिगारेट सोडायची आहे बर्नी, विमान नाही चालवायचं."

"मग हवंय तरी काय तुला?"

"चष्मा नसतानाही चालवता येईल असं. आणि पुढच्या वर्षी भाग मिळत नाहीत म्हणून रडायला लागणार नाही असं."

बर्नीने खाली वाकून मला काढले आणि पदराला पुसावे तसे आपल्या स्वेटरला पुसले. "दिसायला काही नाही बघ. पण हिची गुंडाळी कुठंही मिळते, ती तेवढी बदलत राहायची. ओढ सिगारेटसारखीच घट्ट आहे. त्या वापरून फेकायच्या नळ्यांच्या नादी लागू नकोस. रविवारी संपतात, दुकान बंद असतं, आणि माणूस पुन्हा पाकीट घेतं. आणि रस सुरुवातीला कडकच घे, जास्त निकोटीनचा."

"कडक? मला सोडायचंय ना?"

"म्हणूनच. हलका घेतलास तर दिवसभर तळमळशील आणि संध्याकाळी सिगारेट पेटवशील. आधी ती सुटू दे. मग सावकाश रस हलका करत ये."

"किती दिवस लागतील?"

"दिवस काय विचारतेस? वर्षं धर. लग्नासारखं आहे हे."

"माझं लग्न तीन वर्षं टिकलं."

"मग हिला त्याच्यापेक्षा बरं वागव."

मॉरीनने मला मुठीत घेतले. बटण दाबून एक ओढ घेतली, खोकली, दुसरी घेतली आणि मला कोटाच्या खिशात टाकले. मला तर स्वर्ग दोन बोटे उरला.

आता मॉरीनला एवढी घाई का होती ते सांगते. थॉर्नबेकच्या चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत. एकेका घंटेला एकेक दोर आणि एकेका दोराला एकेक माणूस. ही मंडळी गाणे वाजवत नाहीत. घंटांचा क्रम दर फेरीला बदलत नेतात, तोही कागदाशिवाय, डोक्यात ठेवून. अशा सगळ्या फेऱ्या न थांबता वाजवल्या की अखंड वादन होते. त्याला जवळजवळ तीन तास लागतात. मधे कोणी दोर सोडायचा नाही, पाणी प्यायचे नाही, बाहेर जायचे नाही. एकजण चुकून कोलमडला की सहाजणांचे सगळे वाया. अर्धवट वादन कोणी धरत नाही.

आदल्या वर्षीच्या सुगीच्या सणाला त्यांनी अखंड वादन धरले होते. दोन तास होऊन गेल्यावर मॉरीनला सिगारेटची तलफ आली. तिचे लक्ष खिशातल्या पाकिटाकडे गेले, पाचवी घंटा आपली जागा चुकली, आणि वादनाचा म्होरक्या क्लिफर्ड याला "थांबा" म्हणावे लागले. कोणी तिला एका शब्दाने बोलले नाही. मॉरीन पुढे मला खिशात चाचपताना पुटपुटे, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

आणि येत्या जूनमध्ये मिस ऑर्मरॉडना नव्वद वर्षे पूर्ण होणार होती. चर्चच्या अंगणापलीकडच्या घरात राहणाऱ्या या म्हाताऱ्या बाईंनी सहाही जणांना लहानपणी दोर धरायला शिकवले होते. त्यांचे गुडघे गेल्यापासून त्यांना मनोरा चढवत नसे. वाढदिवसाला आपल्या सहा पोरांचे अखंड वादन खिडकीतून ऐकायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. क्लिफर्डने मॉरीनला स्पष्ट सांगितले होते, "ईस्टरपर्यंत तुझी सिगारेट सुटली तर पाचवा दोर तुझा. नाही तर मी पलीकडच्या गावचा माणूस आणतो. मला म्हातारीला पुन्हा अर्धवट ऐकवायचं नाहीये."

पहिले काही आठवडे आमचे छान जमले. शाळेच्या मागच्या दारात जिथे ती सिगारेट ओढायची तिथेच आता मला घेऊन उभी राही. मात्र एक चूक झाली, आणि ती घंटा वाजवणाऱ्या माणसाच्याच हातून व्हावी अशी होती.

मित्रांनो, वाजवायला तयार असलेली घंटा मनोऱ्यात तोंड वर करून उभी असते. काम संपले की तिला हळूहळू झुलवत तोंड खाली करून ठेवतात. तोंड वर असलेली घंटा तशीच सोडून गेले आणि कोणी अजाणता दोर ओढला, तर माणूस उचलला जातो. मॉरीनच्या अंगात ही शिस्त बालपणापासून मुरलेली. त्यामुळे दिवस संपला की ती मला कपात उलटी ठेवी. तोंड खाली. रात्रभर माझा रस गुंडाळीत उतरे. सकाळी मी गुरगुरे, तिच्या ओठांवर कडू थेंब उडवी आणि खिसा ओला करी. मला बोलता येत असते तर तेव्हा मी बोलले असते.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात तिचा धीर सुटला. शाळेतून येताना तिने सिगारेटचे पाकीट घेतले आणि तशीच मिस ऑर्मरॉडकडे गेली. टेबलावर पाकीट ठेवले, रिकाम्या कपात मला सवयीने उलटी खोचले आणि खुर्चीत बसली.

"क्लिफर्डला सांगा, आण म्हणावं पलीकडच्या गावचा माणूस. ही पण गळकीच निघाली. माझ्या नशिबातच नाही."

म्हाताऱ्या बाईंनी आल्याच्या केकचा तुकडा तोंडात घोळवत माझ्याकडे बघितले. "ही अशी डोक्यावर का उभी आहे?"

"काम झालं की तोंड खाली. तुम्हीच शिकवलंत ना."

"घंटेला शिकवलं होतं. घंटेत काय पाणी असतं? सॉसची बाटली उघडी करून उलटी ठेवतेस का घरी?"

मॉरीनने कपाच्या तळाशी साचलेल्या थेंबांकडे पाहिले.

"आणि ते मोठं यंत्र? जे गळत होतं म्हणून परत केलंस?"

"तेही कपात उलटंच ठेवायचे," मॉरीन हळूच म्हणाली. मग म्हणाली, "बर्नीला सांगू नका, मिस ऑर्मरॉड."

मिस ऑर्मरॉड इतक्या हसल्या की केक घशात अडकला आणि मॉरीनला उठून त्यांची पाठ चोळावी लागली. मग त्यांनी स्वतःच्या हाताने मला पुसले आणि कपात सरळ उभे केले. "अशी. तयार घंटेसारखी. आणि हे पाकीट दे इकडे. या टेबलाचा एक पाय आखूड आहे, कधीपासून काहीतरी घालायचं होतं."

न फोडलेले पाकीट टेबलाच्या पायाखाली गेले. टेबल डुगडुगायचे थांबले. त्या दिवसापासून मी कधी गळले नाही. बर्नीच्या सल्ल्याने मॉरीनने अगदी माझ्यासारखीच दुसरी घेऊन ठेवली, म्हणजे एकीची बॅटरी उतरली तरी हात पाकिटाकडे वळायला नको. ईस्टरच्या रविवारी क्लिफर्डने तिच्या कोटाचा वास घेतला. अक्षरशः नाक लावून घेतला.

"कस्टर्डचा वास येतोय," तो म्हणाला.

"स्वयंपाकीण आहे मी. कशाचा यायला हवा?"

"बरं. पाचवा तुझा."

जूनमधला तो शनिवार. दुपारी मनोऱ्यात जाण्यापूर्वी मॉरीन मिस ऑर्मरॉडकडे आली आणि मला खिडकीतल्या छोट्या टेबलावर उभी करून म्हणाली, "हिला तुमच्याकडे ठेवते. खिशात असली तर लक्ष जाईल."

"दोघी आहेत ना? दुसरी कुठे आहे?"

"घरी कुलपात."

म्हणून ते वादन मी मनोऱ्यात ऐकले नाही. खिडकीतून, म्हाताऱ्या बाईंच्या शेजारी बसून ऐकले. पहिली घंटा हलायच्या आत, वादन सुरू करताना देतात ती हाक त्या पुटपुटल्या, "सावध... निघाली... गेली." आणि अंगणापलीकडून सहाही घंटा उंच सुरापासून खालच्या सुरापर्यंत एकामागून एक वाजल्या. नंतर त्यांचे क्रम गुंफले जाऊ लागले. बाईंनी डोळे मिटले होते. त्या अधूनमधून बोलत, "क्लिफर्ड घाई करतोय," किंवा "आता बरं झालं." चहा आणलेला तसाच थंड झाला.

दोन तास उलटले. मग पाचवी घंटा किंचित उशिरा पडली. मला कळले नसते, पण बाईंचे डोळे उघडले. पुन्हा तीच घंटा मागे पडली, आता मलाही कळले. गेल्या खेपेला ती जिथे मोडली, तीच ही वेळ. बाईंचा सुरकुतलेला हात आला आणि त्यांनी मला घट्ट धरले. "मॉरीन," त्या खिडकीकडे बघत शांतपणे म्हणाल्या, जणू ती दहा वर्षांची होती आणि समोर दोर धरून उभी होती, "हाताकडे बघू नकोस. शेजाऱ्याचा दोर बघ. त्याच्या मागोमाग ये."

तिथून तिला काय ऐकू जाणार? पण पुढच्या फेरीला पाचवी घंटा आपल्या जागी आली. त्यानंतरच्याही. बाईंनी मला सोडले नाही. माझ्या अंगाला त्यांच्या तळव्याची ऊब लागली. अखेर घंटा पुन्हा सरळ क्रमात आल्या, काही वेळ तशाच वाजल्या आणि एकदम शांत झाल्या. अंगणातले कावळे तेवढे ओरडत राहिले.

सहाजण घामेजून आले. क्लिफर्ड दारातच म्हणाला, "मिस ऑर्मरॉड, कसं झालं?"

"मधे एकदा पाचवी झोपली होती."

"झोपले नव्हते," मॉरीन म्हणाली. "आठवण आली होती. मग गेली."

बाईंनी मूठ उघडून मला तिच्यापुढे धरले. "घे तुझी."

मॉरीनने माझ्याकडे पाहिले आणि किटलीकडे हात नेला. "राहू दे हो. आधी चहा घेऊ."

मित्रांनो, वस्तू आपल्या आत्मवृत्तात सांगतात की आम्हाला विसरू नका. माझे उलटे आहे. त्या दुपारी मला कोणी उचलले नाही, आणि तीच माझी सर्वात मोठी शाबासकी होती.

पुढे रस हलका होत गेला. कडक, मग मध्यम, मग अगदी पातळ, आणि काही वर्षांनी निकोटीन नसलेला, नुसताच वासाचा. एका हिवाळ्यात मॉरीनने माझी टाकी रिकामी करून धुतली, आणि पुन्हा भरली नाही.

मिस ऑर्मरॉड त्र्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या. त्यांच्यासाठी शोकाच्या रीतीप्रमाणे घंटांच्या लोलकांना एका बाजूने चामडे बांधून, एकाआड एक ठोका दबका करत अखंड वादन झाले, पाचवा दोर मॉरीनच्याच हाती होता. घर आवरताना टेबलाखाली ते चपटे झालेले पाकीट सापडले. मॉरीनने ते न फोडताच टाकून दिले. क्लिफर्डचा खांदा गेला, तो आता खाली बसून सगळ्यांच्या चुका काढतो. बर्नीने दुकान बहिणीला दिले आणि समुद्राकाठी राहायला गेली. माझी जुळी बहीण मॉरीनने शाळेतल्या एका भांडी घासणाऱ्या बाईला दिली, तीही आता सिगारेट ओढत नाही.

मी मनोऱ्यातल्या खिडकीत आहे. बॅटरी काढलेली, टाकी रिकामी, तोंड वर. आता मॉरीन मुलांना दोर धरायला शिकवते. कोणी तरी विचारतेच, "हे काय आहे?"

"माझी जुनी मैत्रीण," ती म्हणते. "तुमची नव्हे."

तिचे खरे आहे. मी काही काढा नव्हे, खाऊही नव्हे. जो आधीच धुरात अडकला त्याला बाहेर यायला मी एक साधी वाट होते. जो अडकलाच नाही, त्याला द्यायला माझ्याजवळ काही नाही, उलट मी त्याची मोकळीकच काढून घेईन. म्हणून मला हात लावू नका. मात्र तुमच्या घरात कोणी सिगारेट सोडू बघत असेल तर त्याला हसू नका, आणि दोनदा चुकला म्हणून त्याचा दोर काढून घेऊ नका. तिसऱ्यांदा तो आपल्या जागी येईल. मी ऐकले आहे.