केयूरची बरणी

सुहासिनीबाईंच्या फ्रिजमध्ये दोन विरजणं होती. एक दह्याचं. ते पारशिवनीहून, त्यांच्या माहेराहून आलेलं, आणि लग्नाला इतकी वर्षं उलटली तरी त्यांनी त्याला काही होऊ दिलं नव्हतं. दुसरं त्यांच्या मुलाचं, केयूरचं. काचेच्या बरणीत तळाला पांढुरका साका आणि वर पिवळसर पाणी. ते बिअरचं यीस्ट होतं. जानेवारीत उमरेड रोडवर एका ट्रकने केयूरच्या मोटरसायकलला उडवलं. केयूर गेला, बरणी राहिली.

हो, बिअरचंच. ज्या घरात आल्याचा चहासुद्धा कडक झाला तर वसंतराव तोंड वाकडं करायचे, त्या घरात बिअर! केयूरला हा नाद लागला तो एका मित्राने परदेशातून आणून दिलेल्या किटमुळे. एका डब्यात काकवीसारखा दाट, कडसर पाक. झाकणाखाली यीस्टची पुडी. सोबत तोटी लावलेला प्लास्टिकचा पिंप आणि त्याच्या झाकणावर बसवायची एक वाकडी नळी. पाक गरम पाण्यात विरघळवायचा, वरून गार पाणी ओतून पिंप भरायचा, यीस्ट सोडायचं. नळीतून बुडबुडे यायला लागले की समजायचं, आत काम सुरू झालं. मग काही दिवसांनी बाटल्या भरायच्या. पेल एल नावाची, फिक्या सोनेरी रंगाची बिअर. केयूर आणि त्याची बायको अदिती, दोघं मिळून हा उद्योग करत. एकीकडे हिंदी गाणी लावायची, बाटल्या उकळायच्या आणि हसत सुटायचं. वसंतरावांनी सुरुवातीला 'घरात भट्टी लावली पोट्ट्यानं' म्हणून घर डोक्यावर घेतलं. पुढे तेच पिंपाजवळून जाताना हळूच वाकून बुडबुडे पाहू लागले.

पुडीतलं यीस्ट केयूरने पहिल्यांदाच काय ते वापरलं. त्यानंतर तो दर वेळी पिंपाच्या तळाचा साका बरणीत काढून ठेवायचा आणि पुढच्या खेपेला तोच घालायचा. नव्या डब्यांच्या पुड्या फ्रिजच्या दारात पडून राहायच्या.

"आई, तू नाही का दह्याचं विरजण ठेवत? तसंच आहे हे," तो म्हणाला होता. "मरू नाही द्यायचं, बस."

"तुझं ते दारूचं विरजण माझ्या दह्याजवळ नको ठेवू," असं त्यांनी तेव्हा त्याला फटकारलं होतं. तो गेल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने ती बरणी उचलून दह्याच्या शेजारी, वरच्या कप्प्यात ठेवली.

लोक काही कमी नव्हते. भेटायला येऊन चहा पिता पिता एकीने विचारलंच, "घरीच बनवायचा म्हणे तो? मग त्या दिवशी..." केयूर त्या दिवशी ऑफिसातून सरळ घरी येत होता, त्याने थेंबही घेतलेला नव्हता. पण हे किती जणांना सांगत बसणार? वसंतरावांनी दिवाणखान्यात येऊन बसणंच सोडलं.

उन्हाळ्यात अदितीला पुण्याची नोकरी मिळाली. जा म्हणून आग्रह सासू-सासऱ्यांनीच केला होता. तरणीताठी मुलगी, दोन म्हाताऱ्यांची तोंडं बघत किती दिवस काढणार? आग्रह करताना त्यांचा जीव तुटत होता, ही गोष्ट वेगळी. निघायची तारीख ठरली तेव्हा अदिती स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, मले दागिने-बिगिने काही नको. ती बरणी तेवढी नेऊ का?"

सुहासिनीबाईंनी फ्रिजकडे पाहिलं. केयूरचे शर्ट, चपला, मोबाइल, सगळं होतं घरात. पण त्या सगळ्या वस्तू होत्या. त्याने हाताने जोपासलेलं आणि अजून जिवंत असलेलं एवढंच होतं. नाही म्हणायला जीभ रेटेना आणि हो म्हणायला मन धजेना.

"ने ना," त्या म्हणाल्या. "पण आधी एक डबा इथं लावू. साका वाढते ना त्याच्यात? मग अर्धा तुले, अर्धा मले. दोन घरी राहील तो."

"मे महिन्यात?" अदिती चाचरली. "होळी झाली की केयूर बंद करून टाकायचा, आई. गरमी सहन नाही होत म्हणे त्याले."

"कूलरसमोर ठेवू. काही नाही होत वं."

अदितीला आधी दोन दिवस उमरेडला, आईकडे जाऊन यायचं होतं. सोमवारी आल्यावर दोघींनी मिळून डबा लावायचा असं ठरलं. शुक्रवारी ती एसटीने गेली.

सुहासिनीबाईंना सोमवारपर्यंत दम धरवला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण शनिवारी दुपारी, वसंतराव जेवून आडवे झाल्यावर, त्यांना वाटलं, पोर येईल तेव्हा नळीतून बुडबुडे येत असावेत. दारातच तिला आवाज ऐकू यावा. तिच्यासाठी हे एवढं तरी आपण करावं. आणि खरं सांगायचं तर आपला अर्धा वाटा लवकर पदरात पडावा, हीसुद्धा घाई होतीच.

त्यांनी पिंप धुतला. पाक गरम पाण्यात विरघळवला. मग डब्यावर लिहिलं होतं तसं नळाचं गार पाणी ओतलं. आता नागपुरात मे महिन्याच्या दुपारी नळाला गार पाणी येतं असं तो डबा बनवणाऱ्यालाच वाटू शकतं. गच्चीवरची टाकी सकाळपासून उन्हात तापलेली. त्या पाण्याने भांडी घासली तर तूपसुद्धा आपोआप निघतं. पण घर तापलेलं, भांडी तापलेली, त्यांचे हातही तापलेले. त्यांनी पिंपात करंगळी बुडवली. दही लावताना रोज बुडवत तशीच. करंगळीला सोसवेल असं, छान कोमट. थोडं जास्तच कोमट, पण दह्याला चालतं.

"नीट हो रे बाळा," म्हणत त्यांनी बरणी रिकामी केली. विरजणाची वाटी विसळून घेतात तशी बरणीही त्याच पाण्याने विसळून घेतली, कणसुद्धा वाया जाऊ नये म्हणून.

संध्याकाळ झाली तरी नळी गप्प. रविवारी सकाळीही गप्प. सुहासिनीबाईंनी पिंपाला हात लावला. कूलरसमोर ठेवूनही तो तापलेलाच होता. मग त्यांना आठवलं, केयूर एक थर्मामीटर वापरायचा. त्याच्या टेबलाच्या खणात तो सापडला. त्यांनी तो पिंपात सोडला. रात्र उलटून गेली तरी आकडा चाळिशीच्या आसपास होता. म्हणजे काल ओतलं तेव्हा काय असेल? थंडीच्या दिवसांतसुद्धा केयूर पाण्यात बर्फाच्या बाटल्या बुडवून ठेवायचा, हा आकडा विशीपर्यंत खाली यायची वाट बघत स्टूल घेऊन बसायचा आणि मगच बरणी उघडायचा. हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पाहिलं होतं आणि तरी करंगळी बुडवली.

त्यांनी रिकामी बरणी उजेडात धरून पाहिली. इतकी स्वच्छ विसळली होती की तळाला धुरकटपणासुद्धा उरला नव्हता.

केयूर गेला तेव्हा राग धरायला तो ट्रकवाला तरी होता. आता कोणावर धरायचा? पोराच्या हातचं एवढं एकच जिवंत मागे राहिलं होतं, ते आपण कढत पाण्यात टाकलं. तेही अर्धं आपल्याला हवं म्हणून. पोरगी नेत होती तर नेऊ दिलं असतं, ते पुण्यात जिवंत राहिलं असतं. या विचाराने त्या जागच्या जागी खाली बसल्या.

दुपारी त्या उठल्या. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला, पिंपाभोवती ओलं पोतं गुंडाळलं, बर्फ रचला, समोर कूलर सोडला.

"काय करून राहिली वं?" वसंतरावांनी विचारलं.

"केयूरचं आहे. गरम होऊन राहिलं ते."

वसंतरावांनी वाकून पोत्यावर दोन तांबे पाणी शिंपडलं.

तिन्हीसांजेला थर्मामीटरचा आकडा खाली आला. सुहासिनीबाईंनी फ्रिजच्या दारातली एक पुडी काढली, कात्रीने फोडली आणि पिंपात रिकामी केली. रिकामी पुडी त्यांनी कचऱ्यातही टाकली नाही, गॅसवर जाळली.

सोमवारी अदितीने चप्पल काढायच्या आधीच तो आवाज ऐकला. बुडुक. थांबून, पुन्हा बुडुक. बॅग दारातच टाकून ती आत धावली आणि गुडघ्यांवर बसून तिने पिंपाला कान लावला.

"आई, बोलून राहिला तो!"

ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. किती महिन्यांनी ती हसली होती. वसंतराव दारात उभे राहून उपरण्याने डोळे टिपत होते. सुहासिनीबाई ओलं पोतं उचलून मोरीत पिळायला गेल्या.

बाटल्या भरायच्या दिवशी अदितीने पिंपातूनच घोटभर ग्लासात घेऊन चाखलं आणि डोळे मिटले. "हीच चव," ती म्हणाली. वसंतरावांनी उजवा तळहात पुढे केला, तीर्थ घेतात तसा. जन्मात न घेतलेल्या माणसाने तो थेंब तोंडात घातला, तोंड वाकडं केलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. तळाचा साका अदितीने दोन बरण्यांत काढला. अगदी सारखा व्हावा म्हणून ती चमच्याने इकडचा तिकडे करत होती.

"अदिती, मले काही सांगायचं होतं," सुहासिनीबाईंनी विषय काढला.

"बोला ना, आई." ती बरणीचं झाकण पुसत होती. "माहीत आहे का, मी तर जाणारच नव्हती. तिकडे एकटीनं काहून राहू, असं वाटे. आता हा सोबत आहे तर जमेल मले."

"काही नाही. पोचली की फोन कर, एवढंच."

अदिती थर्मासमध्ये बर्फ घालून, त्यात बरणी ठेवून पुण्याला गेली. तिचा रोज संध्याकाळी फोन यायचा. काय जेवली, ऑफिसात काय झालं, आणि शेवटी, तो ठीक आहे. सुहासिनीबाई 'बरं बरं' म्हणायच्या. आपल्या वाट्याची बरणी त्यांनी फ्रिजच्या पार मागे सरकवून ठेवली होती. भाताचं पातेलं काढताना ती नुसती हाताला लागली तरी त्यांना चोरी करताना पकडल्यासारखं व्हायचं.

पावसाळा सरता सरता एका सकाळीच फोन आला. अदिती रडत होती. हुंदक्यांमधून जेवढं कळलं ते असं. ती ऑफिसच्या कामाने बाहेरगावी गेली होती, मागे घरातली वीज गेली आणि फ्रिज बंद पडला. आल्यावर पाहते तर बरणीवर काळी बुरशी.

"मी मारलं त्याले, आई," ती म्हणत होती. "तुम्ही विश्वासानं दिलं आणि मी एवढंही सांभाळू नाही शकली. मी मारलं."

सुहासिनीबाई फोन कानाला लावून उभ्या होत्या. सोपी वाट समोर होती. माझ्याजवळ अर्धं आहे, ये आणि घेऊन जा, एवढं म्हटलं की झालं. पोरीचे डोळे कोरडे झाले असते. पण पुन्हा कधी वीज जाणार, पुन्हा कधी बुरशी येणार, आणि एका पुडीतल्या यीस्टसाठी ही पोरगी जन्मभर स्वतःला खुनी म्हणवून घेणार. मे महिन्यातल्या त्या रविवारपासून त्यांनी ते ओझं वाहिलं होतं. ते किती जड असतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

"अदिती, ऐक. तू काही नाही मारलं," त्या म्हणाल्या. "ते मे महिन्यातच गेलं होतं. तू उमरेडले होती तेव्हा. मी गरम पाण्यात टाकलं. तुले दिलं ते त्याचं नव्हतं वं. पुडीतलं होतं."

पलीकडचा हुंदका मध्येच थांबला.

"पण आई," अदिती म्हणाली, "मी तर रोज त्याच्याशी बोलत होती."

पलीकडून फोन बंद झाला.

"काय म्हणते अदिती?" वसंतरावांनी पेपरातून डोकं वर करून विचारलं.

"केयूर गेला हो," सुहासिनीबाई म्हणाल्या.

जानेवारीत त्या अदितीला सावरत होत्या, नवऱ्याच्या गोळ्या बघत होत्या, आल्या-गेल्याला चहा करत होत्या. आज त्या स्वयंपाकघराच्या फरशीवर बसल्या आणि पोर आत्ता, या घटकेला गेल्यासारख्या मोठ्याने रडल्या. वसंतराव पेपर टाकून आले. गुडघे दुखत असूनही भिंतीला धरत धरत ते त्यांच्याशेजारी खाली बसले.